अठ्ठावन्नाव्या वर्षी हाफ मॅरेथॉन: वाढलेली बावीस मिनिटं वयाची की सरावाची?

तलावकाठ | १० ऑगस्ट, रात्री ९:२०

मंडळी, गेले चार महिने एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा, विजापूर रोडला राहतो. वय ५८. एक्केचाळिसाव्या वर्षी तपासणीत साखर काठावर निघाली आणि संभाजी तलावाला (जुने लोक कंबर तलाव म्हणतात तो) फेऱ्या मारायला लागलो. चालण्याचं पळणं कधी झालं कळलंच नाही. ४६ व्या वर्षी हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर, १ तास ४२ मिनिटांत पळालो. ती माझी आजवरची सर्वांत चांगली वेळ. त्या दिवशीचा छातीवरचा नंबर अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

पुढं सासऱ्यांचं आजारपण, मग मुलीचं लग्न, मग करोना. पळणं सुटलं नाही, पण आठवड्यातले चार दिवस तेच सहा-सात किलोमीटर, त्याच आरामाच्या वेगानं. यंदा फेब्रुवारीत बऱ्याच वर्षांनी शर्यतीत उतरलो. २ तास ४ मिनिटं लागली. बारा वर्षांत बावीस मिनिटं गेली. शेवटचे पाच किलोमीटर पाय नुसते ओढत आणले.

घरी आल्यावर जुनी वही काढली. ४६ व्या वर्षीचं वेळापत्रक त्यात तारीखवार आहे: मंगळवारी ४०० मीटरचे दहा तुकडे, गुरुवारी टेम्पो (दमवणाऱ्या वेगानं सलग पळणं), शनिवारी पुन्हा वेगाचं काम, रविवारी २० किलोमीटर. एप्रिलपासून तेच जसंच्या तसं सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सातव्या तुकड्याला डाव्या पोटरीत कुणीतरी मागून दगड मारल्यासारखं झालं. मागं वळून बघितलं तर कुणी नाही. पोटरीचा स्नायू फाटला होता. सहा आठवडे घरी.

आता पुन्हा हळूहळू सुरू केलंय. प्रश्न असा, की या बावीस मिनिटांत वयाची किती आणि माझ्या सरावाची किती? वयानं नेली असतील तर ती मी सोडून देईन. पण माझ्या ढिलाईनं गेली असतील तर मला ती परत पाहिजेत.

भरतीची तयारी | १० ऑगस्ट, रात्री १०:०५

काका, मी २३ चा. पोलीस भरतीसाठी पार्क स्टेडियमवर असतो. १६०० मीटरला आमच्यातलं कुणीही तुमच्या वयाच्या माणसाच्या पुढं जाईल. पण रविवारी आम्ही पुणे रोडनं विद्यापीठाकडं १५ किलोमीटर जातो तेव्हा पन्नाशीचे एक सर दहाव्या किलोमीटरनंतर आम्हाला सगळ्यांना मागं टाकतात. असं कसं होतं ते पण कुणीतरी सांगा.

आकडेमोड | ११ ऑगस्ट, सकाळी ७:४०

तलावकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अंदाजानं का होईना, काढता येतं. आधी जगातल्या सर्वांत वेगवान लोकांकडं बघू, कारण त्यांचा सराव कमी पडला असं म्हणायला जागा नसते.

केनियाचा एल्यूड किपचोगे ३७ वर्षांचा असताना, २०२२ मध्ये, बर्लिनला पूर्ण मॅरेथॉन २:०१:०९ मध्ये पळाला. उत्तर आयर्लंडचे टॉमी ह्यूज २०२० मध्ये, साठाव्या वर्षी, २:३०:०२. कॅनडाचे एड व्हिटलॉक २००४ मध्ये, ७३ व्या वर्षी, २:५४:४८. आणि तेच व्हिटलॉक २०१६ मध्ये, ८५ व्या वर्षी, ३ तास ५६ मिनिटं.

आता वजाबाकी करा. ३७ ते ६० या २३ वर्षांत २९ मिनिटं, म्हणजे वर्षाला सव्वा मिनिट. ६० ते ७३ या तेरा वर्षांत २५ मिनिटं, म्हणजे वर्षाला दोनला थोडं कमी. आणि ७३ ते ८५ या बारा वर्षांत ६२ मिनिटं, वर्षाला पाच मिनिटांच्या वर. वेगवेगळी माणसं आहेत, त्यामुळं हा हिशेब ढोबळ आहे. पण आकार स्पष्ट दिसतो. पस्तिशीपासून साठीपर्यंत हलका उतार, आणि पंचाहत्तरीनंतर तुळजापूरचा घाट.

हे सगळं पूर्ण मॅरेथॉनचं. हाफसाठी निम्म्याच्या आसपास धरा. जागतिक मास्टर्स (म्हणजे ३५ च्या पुढच्यांच्या) अ‍ॅथलेटिक्सच्या मंडळींनी अशाच नोंदींवरून प्रत्येक वयाला आणि प्रत्येक अंतराला गुणांक काढलेले आहेत. तुमचे आकडे त्यात घालून बघितले. ४६ व्या वर्षीच्या १:४२ ची बरोबरी ५८ व्या वर्षी साधारण १:५३ ते १:५४ ला होते. म्हणजे बावीसपैकी अकरा-बारा वयानं नेली. उरलेली दहा-अकरा तुमची आहेत, ती तुम्हाला मागता येतील.

माळरान | ११ ऑगस्ट, दुपारी १:१५

आकडेमोड, हिशेब आवडला, पण मला एक गोष्ट खटकते. व्हिटलॉक कोट्यवधींत एक. त्यांच्या वयाचे जे थकले, पडले, गेले, ते या तक्त्यात कुठं आहेत? ८५ व्या वर्षी शर्यतीत उतरलेल्या माणसांवरून ८५ वर्षांच्या माणसाबद्दल काही सांगणं मला पटत नाही. जे टिकले तेच दिसतात. माझे थोरले भाऊ ५५ व्या वर्षापर्यंत उत्तम पळायचे, आता गुडघ्यामुळं जिना चढता येत नाही. ते कुठल्याच यादीत येणार नाहीत.

स्टेथो | ११ ऑगस्ट, रात्री ११:३०

दवाखाना आटोपून आत्ता बसलो. मी स्वतः डॉक्टर आहे, पण हृदयविकारतज्ज्ञ नाही, हे आधी सांगतो.

माळरान, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि संशोधकांनाही तो माहीत आहे. म्हणून तीच ती माणसं वर्षानुवर्षं धरून ठेवून केलेले अभ्यास जास्त मोलाचे. त्यातला एक मला फार महत्त्वाचा वाटतो. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं आणि त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, ज्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात, ती आधी आणि नंतर मोजली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना शोधून पुन्हा मोजलं. तीस वर्षांच्या वयवाढीनं जेवढी क्षमता गेली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानं गेली होती. पुढं पन्नाशीतल्या त्या पाचही जणांना सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला सराव दिला, तर तीस वर्षांत गेलेली क्षमता भरून निघाली. पाचच माणसं, हे खरं. पण दवाखान्यात पन्नाशीचा माणूस ‘आता वय झालं’ म्हणतो तेव्हा मला हे पाच जण आठवतात.

तलावकाठ, आता शरीरात काय बदलतं ते. पहिली गोष्ट हृदयाचे कमाल ठोके. ते वयाबरोबर कमी होतात आणि कितीही सराव केला तरी ही घट थांबत नाही. २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. त्यापेक्षा २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे प्रौढांना जास्त जवळ जातं. तुमचे ४६ व्या वर्षी १७६ निघतात, आज १६७. एकेका माणसात दहा ठोके इकडेतिकडे असू शकतात. ठोके कमी म्हणजे दर मिनिटाला स्नायूंपर्यंत पोचणारं रक्त कमी. बैठ्या माणसात व्हीओटू मॅक्स दर दशकाला सुमारे १० टक्के उतरतो. जोरकस सराव चालू ठेवणाऱ्यात ही घट बरीच कमी असते, साधारण निम्मी धरा. ‘जोरकस’ हा शब्द मुद्दाम लिहिलाय. रोजचे सहा-सात आरामाचे किलोमीटर साखरेला, रक्तदाबाला, झोपेला उत्तम. पण वरची क्षमता राखायला तेवढ्यानं भागत नाही. तुमची दहा मिनिटं तिथं गेली असावीत.

जे फारसं बदलत नाही ते म्हणजे पळण्यातली काटकसर. एका ठरावीक वेगाला किती प्राणवायू खर्च होतो, तो हिशेब मुरलेल्या धावपटूत साठीतही चांगला राहतो. भरतीवाल्या मित्रा, तुझ्या सरांचं उत्तर यात आहे. १६०० मीटरला स्फोटक ताकद लागते, ती देणारे वेगवान स्नायूतंतू वयानं आधी झडतात, म्हणून तिथं तू पुढं. १५ किलोमीटरला वेग धरून ठेवणं आणि सुरुवातीला न उधळणं लागतं, त्यात त्यांच्याकडं वीस वर्षांची पुंजी आहे. तुझं इंजिन मोठं आहे, पण तू पहिल्या पाच किलोमीटरला ते जाळून टाकत असशील.

आणि पोटरी. वय वाढतं तसं पाऊल मागं रेटायची घोट्याची आणि पोटरीची ताकद कमी होते. पावलांची संख्या तेवढीच राहते, पण पाऊल आखूड होतं. म्हणून चाळिशीनंतरच्या धावपटूंना पोटरी आणि टाचेच्या वरचा स्नायुबंध फार सतावतो. तुम्ही वही ४६ ची काढलीत, पोटरी ५८ ची होती.

माळरान, भावांच्या गुडघ्याबद्दल न तपासता बोलणार नाही. एवढं मात्र सांगतो, की हौसेनं पळणाऱ्यांचे गुडघे बैठ्या लोकांपेक्षा जास्त झिजतात असं अभ्यासांत दिसत नाही. जुनी दुखापत, वजन आणि घराण्यातला संधिवात ही कारणं जास्त मोठी.

माळरान | १२ ऑगस्ट, सकाळी ८:००

डॅलसचा अभ्यास माहीत नव्हता, धन्यवाद. भावांची फुटबॉल खेळतानाची जुनी दुखापत होती खरी. हा कोन लक्षात आला नव्हता.

होटगीवाला | १२ ऑगस्ट, सकाळी ९:१०

ओ तलावकाठ, मी ६७ चा. चादरीच्या कारखान्यात तीन पाळ्या करून पळालोय, अजून पळतोय. डॉक्टरसाहेबांनी सगळं बरोबर सांगितलं, माझं फक्त अनुभवाचं ऐका.

साठीनंतर माझं एकच गणित बदललं. आठवडा सात दिवसांचा धरायचा सोडून दिला. मी आता दहा दिवसांचा आठवडा करलालो. दहा दिवसांत एकदा वेगाचं, एकदा लांबचं, एकदा घाम निघेल असं मधलं. त्यांच्यामध्ये दोन-दोन दिवस हलकं नाहीतर चालणं. तरुणपणी मंगळवारचं दुखणं बुधवारी संध्याकाळी जायचं, आता शुक्रवार उजाडतो. पायाला शुक्रवार लागतो तर त्याला शुक्रवार द्यायचा. सगळं करा, पण लांबलांब करा. तुमच्या वहीत आठवड्याला चार दणके होते ओ.

दुसरी गोष्ट मनाला लागलेली आहे ती सांगतो. मागच्या वर्षी एका शर्यतीला गेलो. बक्षिसाचे गट दोनच, ४५ च्या आतले आणि ४५ च्या पुढचे. मी ६७, माझ्या गटात पहिला आला तो ४६ चा. भला माणूस, मनापासून हात मिळवला त्यानं. पण एकवीस वर्षांचा फरक एका गटात बसवायचा? मी बक्षिसासाठी पळत नाही. तरी माझ्या वयाच्या माणसांत मी कुठं उभा आहे हे मला कळायला नको का?

आकडेमोड | १२ ऑगस्ट, सकाळी १०:३०

होटगीवाला काका, तुमची तक्रार शंभर टक्के खरी. मास्टर्स स्पर्धांत जगभर ३५ पासून पाच-पाच वर्षांचे गट असतात. बोस्टन मॅरेथॉनला प्रवेशासाठी जी वेळ लागते तीही वयाप्रमाणं ठरते. २०२६ च्या शर्यतीसाठी १८ ते ३४ च्या पुरुषांना २ तास ५५ मिनिटं, तर ६० ते ६४ च्या पुरुषांना ३ तास ५० मिनिटं. पंचावन्न मिनिटांचा फरक त्यांनी नियमातच लिहून ठेवलाय, त्यात कुणाला दया दाखवल्यासारखं वाटत नाही. आपल्याकडं आयोजकांना बक्षिसांचा खर्च वाढेल असं वाटतं. रोख रक्कम नको, नुसती गटवार निकालाची यादी लावली तरी पुरेल. एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. आपण सगळ्यांनी मिळून लेखी मागणी करू या. मी मसुदा करतो.

सांजवात | १२ ऑगस्ट, दुपारी ३:४५

इथं बायकांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी ५१ वर्षांची, जुळे सोलापूरला राहते. पळायला ४४ व्या वर्षी सुरुवात केली, त्यामुळं माझी सर्वांत चांगली वेळ मागं नाहीच, ती ४८ व्या वर्षी आली. उशिरा सुरू करणाऱ्याला हे एक सुख मिळतं. वय खाली ओढत असतं आणि सराव वर ढकलत असतो, पहिली पाच-सहा वर्षं सरावच जिंकतो.

मग पाळी जायच्या दिवसांत एका वर्षात सगळं फिरलं. रात्री घामानं जाग यायची, तीन-चार तासच झोप. तोच रस्ता, तोच वेग, पण दम लागायचा. मला वाटलं माझंच मन कच्चं पडतंय. मैत्रिणीच्या सांगण्यावरून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ठीक, पण शरीरातला लोहाचा साठा, फेरिटिन, तळाला गेलेला. आधीच्या वर्षांतल्या जास्तीच्या रक्तस्रावानं तो संपला होता. डॉक्टरांनी लोह सुरू केलं, तीन-चार महिन्यांत पायात जीव आला. बायकांनो, दम लागतोय तर नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, फेरिटिन पण विचारा.

इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं आणि स्नायू दोन्ही झपाट्यानं उतरतात. म्हणून मी आठवड्यातून दोनदा वजनं उचलते. सुरुवातीला व्यायामशाळेत त्या वेळी मी एकटीच बाई असायची. आता आम्ही सहा जणी आहोत.

आणि हे सगळ्यांनी वाचाच. जपानमध्ये मारिको युगेता नावाच्या बाई आहेत. विशीत त्यांना ३ तासांच्या आत मॅरेथॉन पळायची होती, ते तेव्हा जमलं नाही. २०१९ मध्ये, ६१ व्या वर्षी, त्या २:५९:१५ मध्ये पळाल्या. साठी ओलांडलेल्या बाईनं ३ तासांच्या आत येण्याची जगातली ती पहिली वेळ. आणि २०२१ च्या जानेवारीत, ६२ व्या वर्षी, ओसाकाला २:५२:१३! मी हे वाचलं त्या दिवशी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.

तलावकाठ | १२ ऑगस्ट, रात्री ९:००

सांजवात ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचायला दिला. ती उद्याच तपासणी करून घेते म्हणाली. गेलं वर्षभर ती थकवा थकवा म्हणतेय आणि मी तिला ‘चालायला चल’ एवढंच सांगत होतो.

आकडेमोड, १:५३ हा आकडा वहीत लिहून ठेवला. १:४२ चा नंबर कपाटातून काढत नाही, पण रोज त्याच्याकडं बघून पळणार नाही.

डॉक्टर, आता वेगाचं काम कसं सुरू करू? पोटरीची भीती बसलीय.

स्टेथो | १३ ऑगस्ट, रात्री १०:४०

भीती बसणं साहजिक आहे. आधी पोटरी बळकट करा, वेग नंतर. जिन्याच्या पायरीवर पावलाचा पुढचा भाग ठेवून टाच वर-खाली करायची, आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. फाटलेल्या पायानं चांगल्या पायाइतक्या वेळा न दुखता झालं की मग पळण्यात जोर. ४०० मीटरचे तुकडे दोन महिने विसरा. हलक्या चढावर वीस-तीस सेकंदांचे जोर घ्या, चालत खाली या. चढावर पाय कमी आपटतो आणि हृदयाला काम तेवढंच मिळतं. त्यानंतर टेम्पो, म्हणजे तुटक तीन-चार शब्द बोलता येतील अशा वेगानं दहा मिनिटं, पुढं वीस.

खाण्याचंही बघा. वय वाढतं तसा स्नायू तेवढ्याच प्रथिनांना कमी दाद देतो. पळणाऱ्या प्रौढाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागं १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमचं वजन ६२ धरलं तर ७५ ते १०० ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात दहाएक ग्रॅम असतात, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास. आपली भाकरी आणि शेंगाचटणी चांगलीच आहे, पण चटणी चमचाभर खातो आपण, तिच्यावर भागत नाही. घट्ट डाळ, मटकी, दही, अंडी चालत असतील तर अंडी, असं तिन्ही वेळच्या जेवणात वाटून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मात्र आधी विचारून.

रुपाभवानी | १४ ऑगस्ट, सकाळी ११:२०

माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. बाबा आयुष्यभर चालले, आता सहा महिन्यांपासून पळतात आणि डिसेंबरमध्ये हाफ मॅरेथॉन करायची म्हणतात. त्यांना रक्तदाबाची गोळी आहे. घड्याळात ठोके १२० च्या वर जातच नाहीत, त्यामुळं ते म्हणतात माझं हृदय तरण्या माणसाचं आहे. मी मुलगी, मला झोप येत नाही. त्यांना अडवू का?

स्टेथो | १४ ऑगस्ट, दुपारी २:००

अडवू नका, पण आधी डॉक्टरांकडं न्या. ती गोळी कुठली आहे ते बघा. बीटा ब्लॉकर असेल, उदाहरणार्थ मेटोप्रोलोल, तर ती ठोके वर जाऊच देत नाही. १२० चा आकडा गोळीचा असेल. अशा माणसानं घड्याळावरून वेग ठरवू नये, बोलता येतंय का यावर ठरवावा. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. लघवी वाढवणारी गोळी असेल तर आपल्या उन्हात पाणी आणि क्षार दोन्हींचा हिशेब लागतो, आणि वयानं तहानेची जाणीवही मंदावते. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही.

७१ व्या वर्षी शर्यतीआधी ईसीजी, टूडी इको आणि स्ट्रेस टेस्ट करणं शहाणपणाचं. पळताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, किंवा ठोके अनियमित वाटले तर तिथंच थांबायचं. वर्षानुवर्षं फार लांब पळणाऱ्यांत ठोक्यांची एक अनियमितता, एट्रियल फिब्रिलेशन, जास्त आढळते. म्हणून ‘मी पळतो, मला काय होणार’ हे वाक्य कुणीच म्हणू नये. आणि सगळ्यांनाच सांगतो, लांब पळण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. उन्हात घाम गाळताना ती मूत्रपिंडाला महागात पडते.

बाकी, त्यांच्या वयाच्या दुप्पट उत्साहाची माणसं होऊन गेली. फौजा सिंग ८९ व्या वर्षी लंडनची मॅरेथॉन पळाले आणि २०११ मध्ये टोरोंटोची मॅरेथॉन सव्वाआठ तासांच्या आत पूर्ण केली तेव्हा पासपोर्टप्रमाणं त्यांचं वय शंभर होतं. जन्मदाखला नसल्यामुळं गिनीजनं नोंद केली नाही. पण आपल्या कितीतरी आजोबांकडं तरी कुठं दाखला होता?

होटगीवाला | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

पोरी, बाबांना माझ्याकडं पाठव. रोज पहाटे असतो मी. त्यांच्या वेगानं पळेन.

तलावकाठ | ९ ऑक्टोबर, रात्री ८:३०

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय. परवा कोजागिरीला तुळजापूरला चालत जाऊन आलो, ४५ किलोमीटर. रात्रभर रस्ता माणसांनी फुललेला. माझ्यापुढं सत्तरीच्या पलीकडच्या दोन आजी होत्या, अनवाणी, डोक्यावर पदर, एका लयीत. हिप्परग्यापासून घाटापर्यंत मी त्यांच्या मागं होतो आणि त्यांचा वेग कुठंच बदलला नाही. डॉक्टर काटकसर म्हणतात ती हीच असावी.

पोटरी गप्प आहे. दहा दिवसांचा आठवडा होटगीवाल्या काकांकडून उचलला. एका पायावर पंचवीस वेळा टाच उचलता येते. परवापासून टेम्पो पंधरा मिनिटं. बायकोचं फेरिटिन ९ निघालं, उपचार चालू आहेत, आता संध्याकाळी ती स्वतःहून बाहेर पडते.

आकडेमोड | १० ऑक्टोबर, सकाळी ७:०५

उत्तम! गटांबद्दलचं पत्र सत्तावीस सह्यांनिशी दिलं. डिसेंबरच्या शर्यतीच्या आयोजकांनी ६० च्या पुढचा वेगळा गट मान्य केलाय. पाच-पाच वर्षांचे गट करायला अजून तयार नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा मागू.

तलावकाठ | ४ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

डिसेंबरची शर्यत झाली. १ तास ५७ मिनिटं २० सेकंद. फेब्रुवारीपेक्षा पावणेसात मिनिटं कमी. १:५३ आलं नाही. मंडळी, खरं सांगायचं तर अंतिम रेषेवर घड्याळ बघून क्षणभर वाईट वाटलं. मग वहीत टप्पे लिहिताना दिसलं, की पहिले पाच किलोमीटर २७:५० आणि पंधरा ते वीस हा टप्पा २७:३५. फेब्रुवारीत याच टप्प्याला मी पाय ओढत होतो.

होटगीवाले काका ६० च्या पुढच्या गटात दुसरे, २ तास ९ मिनिटं. रुपाभवानीचे बाबा २ तास ५१ मिनिटांत आले. तपासण्या नीट करून, डॉक्टरांची परवानगी घेऊन. काका आपली शर्यत संपवून उलटे मागं गेले आणि शेवटचे दोन किलोमीटर त्यांच्या सोबत आले.

रुपाभवानी | ४ जानेवारी, रात्री ९:४०

मी रेषेपाशी उभी होते. ते दोघं वळणावर दिसले तेव्हा मला फोटो काढायचंही सुचलं नाही. काका, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

भरतीची तयारी | ४ जानेवारी, रात्री १०:१०

अभिनंदन काका! सरांच्या मागं राहून पहिले पाच किलोमीटर दाबून धरले, स्टेथो डॉक्टरांनी सांगितलं तसं. पंधराव्याला त्यांच्या बरोबरीनं पोचलो. १६०० ची मैदानी चाचणी पुढच्या महिन्यात आहे.

सांजवात | ५ जानेवारी, सकाळी ६:५०

तलावकाठ, वहिनींना आमच्यात पाठवा. मंगळवार-शुक्रवार सकाळी साडेसहा, वजनांना. आता आठ जणी झालो आहोत.

तलावकाठ | ५ जानेवारी, सकाळी ७:३०

येतेय म्हणाली, शुक्रवारपासून. गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत सिद्धेश्वर तलावाकडं जाता येणार नाही, म्हणून येत्या दोन्ही रविवारी कंबर तलावालाच जमू. सव्वापाच वाजता, फाटकापाशी. उरलेली चार मिनिटं शोधायला सुरुवात करतो.